डबा आला, पण ताटात कोण वाढणार?

या वेळी पत्रांचा गठ्ठा उघडला आणि बघते तर काय, निम्म्याहून जास्त लोकांचं दुखणं एकच. एका फंक्शनने दोन-तीन व्हॅल्यू परत दिल्या, आता त्या तशाच्या तशा दुसऱ्या फंक्शनच्या हातात कशा द्यायच्या. भाषा प्रत्येकाची वेगळी, एरर वेगळा, काहींना तर एररच नाही आणि उत्तर मात्र भलतंच, म्हणून म्हटलं सगळी पत्रं एकत्रच घेऊ. नेहमीची सूचना परत सांगते, इथे कोड देवनागरीत छापतो, तुम्ही टाइप करताना डेफ, रिटर्न, प्रिंट वगैरे शब्द आणि आकडे इंग्रजीतच टाका, नाहीतर मागच्या वेळसारखी पत्रं येतात की ताई तुमचा कोड चालत नाही.

प्रश्न: ताई नमस्कार, मी बीसीएच्या दुसऱ्या वर्षाला आहे. पायथॉनमध्ये एक फंक्शन लिहिलंय जे भागाकार आणि बाकी दोन्ही रिटर्न करतं, ते मी थेट दुसऱ्या फंक्शनला दिलं तर म्हणतंय एक आर्ग्युमेंट कमी आहे. अहो दोन तर दिलेत मी! सर म्हणाले आधी व्हेरिएबलमध्ये घे मग दे, तसं केलं की चालतंय, पण असं का ते काही सांगितलं नाही. — एक विद्यार्थिनी, सांगली

उत्तर: दोन दिलेत असं तुला वाटतंय गं, पायथॉनला तसं वाटत नाही. तुझा कोड थोडा छोटा करून देते:

डेफ भाग(अ, ब):
    रिटर्न अ // ब, अ % ब

डेफ दाखव(भागाकार, बाकी):
    प्रिंट(भागाकार, बाकी)

दाखव(भाग(१७, ५))

त्या रिटर्नच्या ओळीत मधे जो स्वल्पविराम आहे ना, सगळी मेख तिथे आहे. पायथॉनचं फंक्शन दोन गोष्टी परत देतच नाही, कधीच नाही, ते एकच गोष्ट देतं आणि ती म्हणजे टपल. स्वल्पविराम दिसला की ३ आणि २ एका डब्यात भरले, झाकण लावलं, डबा रवाना. आता 'दाखव' बिचारा दोन पॅरामीटर घेऊन बसलाय, त्याला आला एक डबा, तो त्याने अख्खाच्या अख्खा 'भागाकार' या नावाखाली ठेवला आणि 'बाकी'साठी हात पुढे केला तर हातात काहीच नाही, मग तो ओरडतो, मिसिंग १ रिक्वायर्ड पोझिशनल आर्ग्युमेंट. तो काही खोटं बोलत नाहीये.

तुझ्या सरांनी सांगितलं ते बरोबरच आहे, व्हेरिएबल दोन ठेवले की डबा उघडून दोन वाट्यांत काढल्यासारखं होतं. पण मधले व्हेरिएबल नकोच असतील तर एक तारा लाव:

दाखव(*भाग(१७, ५))

तारा म्हणजे उघड बाबा डबा आणि जे असेल ते ओळीने ताटात वाढ. बाजूला आणखी काही द्यायचं असेल तरी चालतं, एकाच कॉलमध्ये दोन-तीन डबे उघडायचे तर तेही चालतं, दाखव_चार(*भाग(१७, ५), *भाग(२२, ७)) असं, फक्त हे एकाहून जास्त तारे पायथॉन ३.५ पासून चालायला लागले, म्हणजे २०१५ पासून, त्याआधीचं व्हर्जन आता कॉलेजच्या लॅबमध्ये सोडलं तर कुठे नसावं. आणि हो, 'भाग' लिहायची गरजच नव्हती, डिव्हमॉड नावाचं फंक्शन पायथॉनमध्ये आधीच आहे, तेही (३, २) असा टपलच देतं. पण स्वतः लिहिलंस ते बरं केलंस.

आता ताऱ्याचे दोन धोके सांगते कारण ते पुस्तकात सहसा नसतात. तारा हा टपलसाठी राखीव नाही, ज्याच्यातून एकेक गोष्ट काढता येते असं काहीही तो उघडतो, आणि स्ट्रिंगमधूनही एकेक अक्षर काढता येतं. समज तुझ्या फंक्शनने एरवी टपल दिला पण शून्याने भागायला सांगितलं की नुसतं "नाही" असं परत दिलं, तर तारा त्या "नाही"चे तुकडे करणार, आणि तुकडे आपल्याला दिसतात तसे दोन नाहीत, चार, कारण न वेगळा, काना वेगळा, ह वेगळा, ी वेगळी. दोन जागा, चार आर्ग्युमेंट, एरर येईल, म्हणजे सुटलीस. पण "ना" असं परत दिलं असतंस तर न आणि काना असे बरोब्बर दोन तुकडे, आणि 'दाखव' आनंदाने न हा भागाकार आणि काना ही बाकी म्हणून छापेल. चूं की चां नाही. म्हणून एक ठरव, फंक्शनने टपल द्यायचा तर प्रत्येक वाटेने टपलच द्यायचा, नाहीतर सरळ एक्सेप्शन फेकायचं.

दुसरा धोका मी स्वतः खाल्लाय. आधीच्या एका कंपनीत बिलिंगचं काम होतं, तिथे 'दर_काढ' नावाचं फंक्शन मूळ किंमत आणि कर असे दोन आकडे द्यायचं आणि आम्ही ते पावती(*दर_काढ(वस्तू)) असं थेट पुढे ढकलायचो. पावतीची व्याख्या होती पावती(मूळ, कर, सूट=०). एका मुलाने चांगल्या हेतूने 'दर_काढ'मधून तिसरी व्हॅल्यू पण परत द्यायला सुरुवात केली, कराचा टक्का, १८, कारण त्याला तो दुसऱ्या रिपोर्टमध्ये हवा होता. झालं, ताऱ्याने तिन्ही वाढले, १८ जाऊन बसले सुटीच्या जागी, आणि प्रत्येक गिऱ्हाइकाला अठरा रुपये सूट मिळायला लागली. दोन दिवस कुणाला पत्ता नाही, आणि तक्रार तरी कोण करणार, ज्याचे अठरा रुपये वाचले तो? शेवटी हिशेबाला बसलेल्या बाईंनी पकडलं. तेव्हापासून मी अशा व्याख्येत मधे एक एकटा तारा टाकते:

डेफ पावती(मूळ, कर, *, सूट=०):

या एकट्या ताऱ्यापुढचं जे काही आहे ते नाव घेऊनच द्यावं लागतं, सूट=५० असं, नुसतं ओळीत येऊन कुणी तिथे बसू शकत नाही. तिसरी व्हॅल्यू आली असती तर तिथेच एरर आला असता आणि माझे ते दोन दिवस वाचले असते.

प्रश्न: पायथॉनमधून गो भाषेवर आलोय, सहा महिने झाले. एक कळत नाही. आतल्या फंक्शनने दोन व्हॅल्यू दिल्या तर त्या बाहेरच्याला थेट देता येतात, तारा बिरा काही नाही, मस्त. पण बाजूला एक साधं लेबल द्यायला गेलो, प्रिंटलाइन("उत्तर:", भाग(१७, ५)), तर कंपाइलर नाही म्हणतो. एकटं असलं की चालतं, शेजारी कुणी बसला की चालत नाही, हा काय प्रकार? टीमलीडला विचारलं तर म्हणे गो असंच आहे. — हिंजवडीहून एक वाचक

उत्तर: टीमलीड चुकीचं नाही बोलला, पण त्याने उत्तर दिलं नाही हेही खरं.

गोमध्ये डबा हा प्रकारच नाही. फंक्शन दोन व्हॅल्यू देतं तेव्हा त्या खरोखर दोन सुट्या व्हॅल्यू असतात, त्यांची मोट बांधून एका व्हेरिएबलमध्ये ठेवायची म्हटलं तर ठेवता येत नाही, तसा टाइपच नाही. मग दाखव(भाग(१७, ५)) कसं चालतं, तर ती भाषेच्या स्पेसिफिकेशनमध्ये मुद्दाम दिलेली सवलत आहे. आतल्याने जितक्या आणि ज्या प्रकारच्या व्हॅल्यू दिल्या त्या बाहेरच्याच्या पॅरामीटरांना क्रमाने जुळत असतील तर थेट चालेल, पण अट अशी की त्या कंसात आतल्या कॉलशिवाय दुसरं काहीही नको. पंगतीचं ताट अख्खं त्या एकाच घरून येणार असेल तर येऊ दे, अर्धं इथलं अर्धं तिथलं नाही. बाहेरचं फंक्शन शेवटी कितीही आर्ग्युमेंट घेणारं असेल तर उरलेल्या व्हॅल्यू त्यात जातात, म्हणूनच तुझं नुसतं प्रिंटलाइन(भाग(१७, ५)) चाललं आणि लेबल आलं तसं बोंबललं.

असं का ठेवलं असावं? माझं मत सांगते, मला ते पटतं. गोमध्ये कॉलच्या कंसातले स्वल्पविराम मोजले की आर्ग्युमेंट किती गेले ते कळतं, ह्या एका सवलतीचा अपवाद सोडला तर. लेबल, मग एक कॉल, मग आणखी एक कॉल असं मिसळायला दिलं तर वाचणाऱ्याला प्रत्येक आतल्या फंक्शनची व्याख्या उघडून बघावी लागेल की कुणी किती वाढलं, आणि वर सांगितलेली अठरा रुपयांची गोष्ट आहेच. गोमध्ये डीफॉल्ट पॅरामीटर नाहीत, त्यामुळे तिसरी व्हॅल्यू आली की कंपाइलर तिथेच अडवतो. अर्थात प्रिंटलाइनसारखं कितीही घेणारं फंक्शन पुढे असेल तर तो पण गप्प बसतो, ते लक्षात ठेव.

ही सवलत खरी कामाला येते ती एररच्या जोडीला. टेम्प्लेट पॅकेजमधलं 'मस्ट' बघितलंस का, टेम्प्लेट.मस्ट(टेम्प्लेट.पार्सफाइल्स("पान.एचटीएमएल")) असं लिहितात, आतला कॉल टेम्प्लेट आणि एरर अशा दोन व्हॅल्यू देतो, मस्ट दोन्ही घेतं, एरर असेल तर पॅनिक, म्हणजे प्रोग्राम तिथेच कोसळतो, नसेल तर नुसतं टेम्प्लेट परत. प्रोग्राम सुरू होताना एकदाच करायच्या कामांना हे झकास आहे, पण रिक्वेस्ट हाताळताना वापरू नकोस, नाहीतर रात्री फोन येईल. २०२२ मध्ये १.१८ आलं तेव्हापासून जेनेरिक्स आहेत, त्यामुळे कुठल्याही टाइपसाठी चालणारं स्वतःचं मस्ट तीन-चार ओळींत लिहिता येतं.

तुझ्या लेबलचं काय, तर दोन ओळी लिही, पहिल्या ओळीत दोन व्हेरिएबल, दुसरीत प्रिंटलाइन. काही हुशार लोक लेबल("उत्तर:")(भाग(१७, ५)) असं करतात, म्हणजे पहिल्या कंसातून एक फंक्शनच परत आणायचं आणि दुसऱ्या कंसात सवलत वापरायची. चालतं. पण एका ओळीच्या वाचलेल्या टायपिंगसाठी पुढच्या माणसाचं डोकं का खायचं.

जाता जाता एक, हे मी इथे 'भाग', 'दाखव' अशी नावं लिहिते ना, पायथॉन ३ मध्ये ती खरंच चालतात, गोमध्ये मात्र नाही चालत. गोच्या नियमात नावात फक्त अक्षरं, आकडे आणि अंडरस्कोर, आणि युनिकोडच्या हिशेबात काना-मात्रा-वेलांटी ही अक्षरं नाहीत. त्यामुळे 'कमळ' नावाचं व्हेरिएबल चालेल, 'भाग' नाही चालणार, काना आडवा येतो. आणि दुसऱ्या पॅकेजला दिसायचं तर नावाचं पहिलं अक्षर कॅपिटल हवं, आता देवनागरीत कॅपिटल आणू कुठून, म्हणजे कमळ कायम घरातच. 

प्रश्न: मामांच्या होलसेल दुकानासाठी लुआमध्ये एक छोटं हिशेबाचं प्रोग्राम केलंय, गेम बनवता बनवता लुआ शिकलो म्हणून त्यातच केलं. रक्कम लोक स्वल्पविराम घालून टाइप करतात म्हणून मी जीसबने स्वल्पविराम काढतो आणि टूनंबरने आकडा करतो. आता ऐका, १,००,००० टाकलं की ३२ येतं!! २,५०,००० टाकलं तर निल, म्हणजे काहीच नाही. ५,००० टाकलं की प्रोग्राम एरर देऊन बंद. मामा म्हणतात तुझ्या कॉम्प्युटरने माझे लाखाचे बत्तीस केले. हसू नका प्लीज. — नाशिकहून एक वाचक

उत्तर: हसले रे, सॉरी. पण तुझं पत्र या अंकातलं सगळ्यात भारी पत्र आहे, मी स्वतः चालवून बघितलं आणि चहा सांडला.

तुझी ओळ अशी आहे:

टूनंबर(स्ट्रिंग.जीसब(रक्कम, ",", ""))

आता गंमत बघ. स्ट्रिंग.जीसब एक नाही, दोन व्हॅल्यू परत देतं. पहिली म्हणजे बदललेली स्ट्रिंग, जी सगळ्यांना माहीत असते, आणि दुसरी म्हणजे किती ठिकाणी बदल केला तो आकडा, जो कुणाच्या लक्षात राहत नाही. आणि टूनंबरला पण दोन आर्ग्युमेंट देता येतात, पहिलं म्हणजे स्ट्रिंग, दुसरं म्हणजे ती कुठल्या पायाच्या संख्यापद्धतीत वाचायची, २ दिला तर बायनरी, १६ दिला तर हेक्स, २ ते ३६ पर्यंत काहीही. लुआचा नियम असा की कंसात शेवटी फंक्शन कॉल असेल तर त्याच्या सगळ्याच्या सगळ्या व्हॅल्यू पुढे जातात. जोडलंस का दोन्ही?

१,००,००० मध्ये स्वल्पविराम दोन. जीसबने दिलं "१०००००" आणि २. टूनंबरला वाटलं साहेब म्हणतायत ही बायनरी आहे, आणि बायनरीतलं एकावर पाच शून्य म्हणजे दोनाचा पाचवा घात, ३२. चोख हिशेब! २,५०,००० मध्येही स्वल्पविराम दोनच, पण बायनरीत दोन आणि पाच हे अंक कुठून येणार, म्हणून निल. ५,००० मध्ये एक स्वल्पविराम, पाया १, तो चालत नाही, बेस आउट ऑफ रेंज म्हणून एरर. आणि तू अजून बघितलं नसशील पण नुसते ५०० टाकलेस तर पाया शून्य, तिथेही एरर. लग्नाच्या आहेरासारखी १,०१,००१ ही रक्कम टाक, ४१ येतील. एक कोटी टाक, स्वल्पविराम तीन, पाया ३, तीनाचा सातवा घात, २१८७ रुपये फक्त. गोऱ्या लोकांच्या पद्धतीने लाख लिहिला असतास, १००,०००, तर एकच स्वल्पविराम, तिथल्या तिथे एरर आला असता आणि चूक पहिल्याच दिवशी सापडली असती, आपली लाखाची पद्धत दोन स्वल्पविरामांची म्हणून तुला गुपचूप ३२ मिळाले. आणि कुणी दहा स्वल्पविराम असलेली रक्कम टाकली असती तर पाया १० येऊन उत्तर बरोब्बर आलं असतं, पण मामांची उलाढाल तिथवर पोचायला वेळ आहे.

इलाज एक कंसाची जोडी:

टूनंबर((स्ट्रिंग.जीसब(रक्कम, ",", "")))

कॉलभोवती जादा कंस घातला की लुआ म्हणतं एवढ्याचं एकच घ्यायचं, पहिलं, बाकी टाकून द्यायचं. दिसायला फालतू दिसतो हा कंस, आणि बरेच जण कोड साफ करताना तो काढून टाकतात, म्हणून शेजारी कॉमेंट लिही की हा कंस काढू नये, मामांची शपथ. किंवा सरळ आधी लोकल साफ = असं एका व्हेरिएबलमध्ये घे, एकच नाव आहे म्हटल्यावर एकच व्हॅल्यू बसते, आणि मग टूनंबर(साफ). मी तुझ्या जागी असते तर हेच केलं असतं.

नियमाची दुसरी बाजू पण माहीत असू दे. कॉल शेवटी नसेल, मधे असेल, तर त्याची फक्त पहिली व्हॅल्यू जाते. म्हणजे दाखव("उत्तर:", भाग(१७, ५)) मध्ये तीन आर्ग्युमेंट गेले, पण दाखव(भाग(१७, ५), "रुपये") मध्ये दोनच, बाकी गायब, आणि कुणी काही बोलणार नाही. वरच्या हिंजवडीकरांना जे हवं होतं ते लुआमध्ये फुकट मिळतं आणि ते फुकटच तुला महागात पडलं. टेबल बनवताना महिरपी कंसातही हाच नियम. मधल्या कॉलच्याही सगळ्या व्हॅल्यू हव्या असतील तर टेबलमध्ये घेऊन टेबल.अनपॅकने उघडायच्या, जुन्या ५.१ मध्ये नुसतं अनपॅक आहे, आणि व्हॅल्यूंमध्ये निल येऊ शकत असेल तर टेबल.पॅक वापर, तो एन नावाखाली खरी संख्या जपून ठेवतो, नाहीतर मधल्या निलपाशी लुआ कधी मोजणं थांबवेल याचा नेम नाही.

प्रश्न: जावास्क्रिप्ट. फंक्शनमधून अॅरे परत देतो, दुसऱ्याला पाठवतो जो दोन आकड्यांची बेरीज करतो. स्क्रीनवर ३,२अनडिफाइन्ड असं येतंय. — ठाणे

उत्तर: पत्र आवडलं, मुद्द्याला धरून. डबा न उघडता पाठवलाय. पायथॉन निदान ओरडतो तरी, जावास्क्रिप्टला आर्ग्युमेंट कमी पडलं तरी फरक पडत नाही, ती दुसऱ्या जागी अनडिफाइन्ड ठेवते, मग अॅरे अधिक अनडिफाइन्ड केल्यावर दोन्हींची स्ट्रिंग करून चिकटवते. बेरीज(...भाग(१७, ५)) असे तीन टिंब लाव. हे २०१५ पासून आहे, जुन्या कोडमध्ये बेरीज.अप्लाय(नल, भाग(१७, ५)) दिसेल, अर्थ तोच.

आणि नाशिकच्या मामांचा लाख तुमच्याकडेही बुडू शकतो बरं का. ["१०", "१०", "१०"] या अॅरेवर मॅप(पार्सइंट) करून बघा, उत्तर १०, नॅन (म्हणजे हा आकडाच नाही), २. मॅप प्रत्येक वेळी व्हॅल्यूसोबत तिचा क्रमांक पण पाठवतो, ०, १, २, आणि पार्सइंट तो क्रमांक पाया म्हणून घेतं. शून्य म्हणजे काही सांगितलंच नाही असं समजून दहा, १ हा पाया नाहीच म्हणून नॅन, आणि २ म्हणजे बायनरी.

प्रश्न: मुलांना सी शिकवतो. एका मुलाने पायथॉनच्या सवयीने रिटर्न अ / ब, अ % ब, असं लिहिलं. मला वाटलं कंपाइलच होणार नाही. झालं! आणि कायम बाकीच परत येते. वर्गात मलाच उत्तर सुचेना. — एक शिक्षक, फोंडा, गोवा

उत्तर: सर, तो सीचा कॉमा ऑपरेटर. सीमध्ये फंक्शन एकच व्हॅल्यू देतं, आणि असा स्वल्पविराम आला की डावीकडचं गणित करायचं, उत्तर फेकून द्यायचं, उजवीकडचं ठेवायचं. म्हणून १७ आणि ५ दिले की फक्त २. मुलांना पहिल्या दिवसापासून वॉल हा वॉर्निंग दाखवायला सांगणारा फ्लॅग लावून कंपाइल करायची सवय लावा, जीसीसी कंपाइलर वॉर्निंग देतो की डाव्या बाजूचा काही उपयोग नाही.

दोन हव्या असतील तर स्ट्रक्ट, म्हणजे अनेक व्हॅल्यूंची एक मोट, आणि याचं उदाहरण सीच्या स्वतःच्या लायब्ररीत आहे, स्टँडर्ड लायब्ररीच्या हेडरमधलं 'डिव्ह'. ते डिव्ह_टी नावाचा स्ट्रक्ट देतं, त्यात क्वॉट आणि रेम. आधी एका व्हेरिएबलमध्ये घ्यायचा, मग दाखव(उ.क्वॉट, उ.रेम). एका ओळीत करायच्या नादात मुलं डिव्ह दोनदा कॉल करतात, इथे चालून जातं, पण आत फाइल वाचणारं फंक्शन असेल तर दोनदा वाचेल. पुढे सी++ शिकवणार असाल तर तिथे टपल आहे आणि सी++१७ या स्टँडर्डपासून स्टँडर्ड अप्लाय(दाखव, भाग(१७, ५)) असं उघडूनही देता येतं.

प्रश्न: टोरांटोत आयफोनची अॅप्स करते. जुना स्विफ्ट कोड हातात आला, त्यात टपल थेट फंक्शनला दिलाय, पॅरामीटर दोन आणि आर्ग्युमेंट एक. आताच्या कंपाइलरला चालत नाही. आधी चालायचं का खरंच? — कॅनडाहून

उत्तर: चालायचं. स्विफ्ट २ पर्यंत टपल दिला की तो आपोआप उघडायचा. मग त्यांच्या लक्षात आलं की हा टपल म्हणजे एक आर्ग्युमेंट की दोन, हे कंपाइलरलाही आणि माणसालाही बघून सांगता येत नाही, आणि २०१६ च्या स्विफ्ट ३ मध्ये तो प्रकार काढून टाकला. आता जोडी.० आणि जोडी.१ असं हाताने द्या. कंटाळवाणं आहे खरं, पण सांगलीच्या मुलीला जो एरर आला तो निदान तुम्हाला अॅप चालवायच्या आधी येतो.

प्रश्न: मी निवृत्त इन्स्ट्रुमेंटेशन इंजिनिअर. आपल्या सदरातले हे स्टार, टिंबं वाचून गंमत वाटते. आमच्या काळी कंट्रोलरवर फोर्थ भाषा होती, तिथे हा प्रश्नच नव्हता. जुनी वही सापडली, त्यात १७ ५ /मॉड दाखव असं लिहिलंय. एकच आठवत नाही, आधी भागाकार छापला जायचा की बाकी? — रत्नागिरी

उत्तर: काका, खरंय तुमचं, चार्ल्स मूर यांच्या फोर्थमध्ये डबाही नाही आणि ताटही नाही, सगळ्यांचा मिळून एकच स्टॅक, एकावर एक ठेवलेली आकड्यांची चवड. १७ ठेवला, ५ ठेवला, /मॉडने दोन्ही उचलले आणि जागी दोन उत्तरं ठेवली, मग 'दाखव'ला किती हवेत ते त्याने वरून उचलायचे. फंक्शन किती देतं आणि पुढचं किती घेतं याचा मेळ घालायला कुणी नाही, म्हणून तर तुमच्या वहीत प्रत्येक शब्दाच्या व्याख्येपुढे कंसात दोन रेघांच्या अलीकडे-पलीकडे आधी काय होतं आणि नंतर काय उरलं ते लिहिलेलं असेल बघा. ती कॉमेंट चुकली की एखादा आकडा स्टॅकवर जास्तीचा राहून जायचा आणि भलत्याच ठिकाणी, भलत्याच वेळी त्रास द्यायचा, हे तुम्हाला मी काय सांगणार.

/मॉड बाकी खाली ठेवतं, भागाकार वर. म्हणजे तुमच्या 'दाखव'मध्ये नुसते दोन ठिपके (एक ठिपका म्हणजे वरचा आकडा उचलून छाप) असतील तर आधी ३ छापलं जायचं, मग २. त्याच्या व्याख्येत ठिपक्यांच्या आधी स्वॅप (वरच्या दोघांची अदलाबदल) असा शब्द आहे का तेवढं वहीत बघा, असेल तर उलट.